कंपनीतला ‘पीएलसी’ विहिरीवर बसवायचाय? आधी मोटर बंद कशी होणार ते ठरवा

रात्री दीड-दोनला थ्री फेज येते. माणूस उठतो, कानाला मफलर गुंडाळतो, बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीकडे निघतो. वाटेत सापाची भीती, उसाच्या कडेनं जाताना बिबट्याची भीती. मोटर चालू करायची, दोन तासांनी व्हॉल्व्ह फिरवायचा, पहाटे परत येऊन बंद करायची. मधेच लाईट गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्याच घरातला पोरगा चाकण, रांजणगाव नाहीतर वाळूजच्या कंपनीत असतो. तिथं एक हातभर लांबीची डबी अख्खी लाईन चालवताना तो रोज बघतो. सुट्टीला घरी आला की म्हणतो, “आप्पा, हे सगळं आपोआप होतं. जुना पीएलसी मिळाला तर मी करून देतो.”

त्याचं म्हणणं खोटं नाही. कारखान्यातला कंट्रोलर घरच्या टाकीवर, विहिरीवर, ठिबकवर चालतो आणि चांगला चालतो. हौसेनं असे प्रयोग करणारी तरुण मंडळी आता गावोगाव दिसतात. पण कंपनीतून फक्त डबी घरी आणून भागत नाही. कंपनीत मशीन चालू करण्याइतकाच, किंबहुना जास्तच, विचार ते बंद कसं होईल याचा केलेला असतो. तो विचार मागं राहिला तर हीच डबी वायंडिंग जाळते, पाईप फोडते आणि एखाद्याचा जीवही घेऊ शकते. म्हणून हे काम नेमकं कसं चालतं आणि कुठं चुकतं, ते नीट समजून घेऊ.

पीएलसी म्हणजे काय?

पूर्ण नाव प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यांत मशीन चालवायला भिंतभर रिले लावलेले असत. गाडीचं मॉडेल बदललं की सगळ्या वायरी उकलून नव्यानं जोडाव्या लागत. हा ताप संपवण्यासाठी जनरल मोटर्सनं १९६८ मध्ये वायरी न बदलता काम बदलता येईल असा कंट्रोलर मागितला. डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. कंपनीचं ते ८४वं काम होतं, म्हणून त्याचं नाव पडलं मोडिकॉन ०८४.

आजचा छोटा पीएलसी तळहातावर मावतो. त्याला एका बाजूला इनपुट असतात. तिथं बटण, टाकीतला फ्लोट, प्रेशर स्विच जोडतात. दुसऱ्या बाजूला आउटपुट असतात. तिथून दिवा, रिले, व्हॉल्व्ह चालू-बंद होतो. मधे आपण लिहिलेला प्रोग्रॅम. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली तपासतो, मग आउटपुट बदलतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ही एक फेरी काही मिलिसेकंदांत होते. दिवसरात्र त्याचं एवढंच काम.

मग बाजारात दोन-चारशे रुपयांत मिळणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड का नकोत? शिकायला ते उत्तम आहेत. पण मोटर सुरू होताना उठणारा विजेचा झटका, धूळ, उकाडा, सैल होणाऱ्या वायरी यांत ते अडकतात. पीएलसी याच त्रासासाठी बनवलेला असतो. त्याचे इनपुट आतल्या भागापासून वेगळे ठेवलेले असतात, वायरी स्क्रूनं आवळता येतात, लाईट गेली तरी प्रोग्रॅम राहतो, आणि प्रोग्रॅम अडकून बसला तर तो स्वतःच थांबून आउटपुट सोडून देतो.

तुमच्या स्टार्टरला हे आधीच येतं

पीएलसीचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा ‘लॅडर’ पद्धतीनं लिहितात. लॅडर म्हणजे शिडी. दोन उभे दांडे आणि मधे पायऱ्या. प्रत्येक पायरीवर डावीकडं अटी आणि उजवीकडं काम. अटी पूर्ण झाल्या तर काम होतं.

विहिरीवरच्या स्टार्टरची पेटी उघडली की हीच शिडी वायरींत दिसते. हिरवं बटण दाबलं की कॉइलला वीज जाते, कॉन्टॅक्टर ओढला जातो. बटण सोडलं तरी तो ओढलेलाच राहतो, कारण कॉन्टॅक्टरचाच एक छोटा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. याला होल्डिंग म्हणतात. लाल बटण दाबलं की वाट तुटते, होल्डिंग सुटतं, मोटर थांबते. लाईट गेली तरी होल्डिंग सुटतं. लाईट परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही, कुणीतरी हिरवं बटण दाबावं लागतं.

यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढं सगळा घोळ तिथंच होतो.

पहिला प्रयोग टेबलावर, विहिरीवर नाही

शिकायला लागतं फार थोडं. एक पीएलसी, २४ व्होल्ट डीसी देणारा पॉवर सप्लाय, दोन पुश बटणं, २४ व्होल्टचा एक दिवा, फ्यूज आणि वायरी. पॉवर सप्लायमध्ये २३० व्होल्ट जातात, म्हणून त्या बाजूचे स्क्रू झाकलेलेच ठेवायचे आणि तेवढी जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्यायची. पुढचं सगळं २४ व्होल्टवर. तिथं चूक झाली तर दिवा लागणार नाही, फार तर फ्यूज जाईल. माणूस दगावणार नाही.

पीएलसी हातात नसला तरी अडत नाही. डेल्टा कंपनीचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात प्रोग्रॅम लॅपटॉपवरच चालवून बघता येतो. ओपनपीएलसी नावाचं खुलं सॉफ्टवेअर तर साध्या बोर्डावरसुद्धा लॅडर चालवतं. सीमेन्सच्या लोगो या छोट्या कंट्रोलरच्या स्क्रीनवाल्या मॉडेलमध्ये लॅपटॉपशिवाय, त्यावरचीच बटणं दाबून प्रोग्रॅम टाकता येतो.

पहिला प्रोग्रॅम स्टार्टरचाच करायचा. हिरव्या बटणानं दिवा लागला पाहिजे, लाल बटणानं विझला पाहिजे. मग त्यात टायमर घालायचा. मग बादलीत फ्लोट सोडून, पाणी भरलं की दिवा विझतो का ते बघायचं. महिनाभर टेबलावर न चुकता चाललं, मगच घरच्या टाकीच्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरीकडं वळायचं. विहीर सगळ्यात शेवटी.

जुना पीएलसी घेताना पाच गोष्टी बघा

नवा छोटा पीएलसी काही हजारांत येतो. कारखाने जुनी मशीन मोडतात तेव्हा त्यातले पीएलसी भंगारात, ऑनलाइन किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात फिरतात. स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका. पैसे देण्याआधी हे विचारा:

१. त्याला वीज कोणती लागते? काही पीएलसींना २४ व्होल्ट डीसी लागते, काहींना २३० व्होल्ट एसी. २४च्या मॉडेलला २३० दिले की क्षणात राख.

२. आउटपुट रिलेचे आहेत की ट्रान्झिस्टरचे? ट्रान्झिस्टर आउटपुट फक्त डीसीवर चालतात. गावाकडच्या बहुतेक कामांना रिले आउटपुट सोयीचे.

३. सॉफ्टवेअर कोणतं आणि ते मिळतं का? काहींचं फुकट आहे, काहींचा परवाना पीएलसीपेक्षा महाग आहे. फार जुन्या मॉडेलचं सॉफ्टवेअर आजच्या लॅपटॉपवर चालतही नाही.

४. केबल सोबत आहे का? प्रत्येक कंपनीची केबल वेगळी. नंतर शोधत बसावं लागतं.

५. पासवर्ड आहे का आणि आतली बॅटरी कशी आहे? काही जुन्या पीएलसींचा प्रोग्रॅम आतल्या बॅटरीवर टिकतो. बॅटरी मेली की लाईट जाताच प्रोग्रॅम पुसला जातो.

या पाचांची उत्तरं मिळाली नाहीत तर तो पीएलसी शोभेची वस्तू होतो.

मोटर थेट पीएलसीवर जोडायची नाही

पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर चालताना साधारण ७ ते ८ अँपिअर घेते. थेट सुरू होताना काही क्षण त्याच्या सहापट, म्हणजे ४० अँपिअरच्या पुढं. छोट्या पीएलसीच्या आउटपुटची ताकद बहुतेक वेळा एक-दोन अँपिअर, काही मॉडेलची थोडी जास्त. म्हणून साखळी अशी असते: पीएलसी एक छोटा २४ व्होल्टचा रिले चालवतो, तो रिले कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो, आणि कॉन्टॅक्टर मोटर चालवतो. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते. तो झटका पीएलसीपर्यंत पोचू नये म्हणून डीसी कॉइलला डायोड आणि एसी कॉइलला सप्रेसर लावतात. पाच-पन्नास रुपयांची ही वस्तू विसरली की काही महिन्यांत आउटपुटचा संपर्क चिकटतो. प्रोग्रॅम म्हणतो बंद, मोटर चालूच.

त्याहून महत्त्वाचं: जुन्या पेटीतला ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर काढायचा नाही. “आता पीएलसी आहे, त्यांची काय गरज?” असं वाटतं. पण एक फेज उडाली हे पीएलसीला आपोआप कळत नाही. त्याला डोळे म्हणजे आपण जोडलेल्या वायरीच. हे दोन्ही रक्षक कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत वायरीनंच ओळीनं बसलेले हवेत. म्हणजे पीएलसी अडकला, प्रोग्रॅम चुकला, आउटपुट चिकटला तरी ते मोटर सोडवतात. त्यांचा दुसरा संपर्क पीएलसीला फक्त खबर द्यायला जोडायचा.

आणीबाणीचं लाल मशरूम बटणही तसंच. ते दाबलं की वायर तुटून कॉइल सुटली पाहिजे. पीएलसीला विचारून नाही.

आणि ओव्हरलोडचा आकडा मोटरीच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरप्रमाणंच ठेवायचा. सारखा ट्रिप होतो म्हणून आकडा वाढवला की वायंडिंगवाल्याचं दुकान चालतं.

उंदरानं वायर कुरतडली तर?

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथं होते. ती चूक दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याची.

लाल बटणाचे दोन प्रकार असतात. एक, दाबल्यावर वाट तोडणारं. दुसरं, दाबल्यावर वाट जोडणारं. दाबल्यावर वाट जोडणारं लाल बटण लावलं तर सगळं नीट चालतंय असं वाटतं. पण एके रात्री उंदरानं वायर कुरतडली, की तुम्ही बटण कितीही दाबा, पीएलसीला काही कळणार नाही. मोटर चालूच राहणार. उलट वाट तोडणारं बटण असेल तर वायर कुरतडली त्याच क्षणी पीएलसीला वाटतं, बटण दाबलं. मोटर थांबते. सकाळी येऊन वायर जोडली की झालं.

टाकी भरल्याचा फ्लोट, विहिरीतलं पाणी संपल्याचा इशारा, प्रेशर जास्त झाल्याचा स्विच, सगळ्यांना हाच नियम: सगळं ठीक असेल तेव्हा इनपुटला २४ व्होल्ट पोचले पाहिजेत. ते तुटले म्हणजे थांब.

यात एक गंमत आहे आणि तीच नवशिक्याला फसवते. वाट तोडणारं बटण जोडलं तर न दाबता त्याचा इनपुट चालू असतो. म्हणून प्रोग्रॅमच्या शिडीत तिथं बंद संपर्काचं नाही, तर उघड्या संपर्काचं चिन्ह लागतं. पुस्तकातलं स्टार्टरचं चित्र जसंच्या तसं उतरवलं तर दिवा लागतच नाही. मग पोरं वैतागून बटणच बदलतात, जोडणारं लावतात आणि “चाललं एकदाचं” म्हणतात. तिथंच सुरक्षितता गेली. बटण बदलायचं नाही, शिडीतलं चिन्ह बदलायचं.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. प्रयोग तयार झाला की चालू अवस्थेत २४ व्होल्टच्या बाजूची एकेक इनपुटची वायर काढून बघा. थांबवणारी कोणतीही वायर काढली की दिवा विझला पाहिजे. एक जरी वायर काढून दिवा चालू राहिला तरी काम अपुरं आहे.

लाईट परत आली तर?

आता होल्डिंगच्या गोष्टीकडं परत येऊ. साधा स्टार्टर लाईट आल्यावर गप्प बसतो. रात्री उठावं लागू नये म्हणून लोक ऑटो स्विच लावतात. तो लाईट आली की लगेच मोटर सुरू करतो. महावितरण ऑटो स्विच लावू नका असं वारंवार सांगतं. त्यामागचं कारण आकड्यांत बघा.

एका १०० केव्हीएच्या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या दहा मोटरी आहेत असं धरू. सगळ्या चालू असताना लागतात ७० ते ८० अँपिअर. डीपीची ताकद साधारण १३५ अँपिअरची. काही अडचण नाही. पण लाईट येताच दहाच्या दहा मोटरी एकाच क्षणी थेट सुरू झाल्या तर काही सेकंद ४००च्या पुढं अँपिअर मागितले जातात. व्होल्टेज बसतं, मोटरी गुरगुरत राहतात, पटकन वेग घेत नाहीत, करंट आणखी वेळ चढलेला राहतो. फ्यूज जातो, नाहीतर डीपी जळतो. मग आठवडाभर सगळ्यांचंच पीक वाळतं.

पीएलसी लावून “लाईट आली की मोटर चालू” एवढीच एक पायरी लिहिली तर तो महागडा ऑटो स्विच झाला, दुसरं काही नाही. खरा उपयोग वेगळा आहे. लाईट आली की आधी तिन्ही फेज आहेत का आणि व्होल्टेज पुरेसं आहे का, ते फेज रिलेकडून विचारायचं. दोन-तीन मिनिटं स्थिर राहते का बघायचं. विहिरीत पाणी आहे का बघायचं. मग आपला नंबर आल्यावर सुरू करायचं. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपसांत ठरवून कुणी दोन मिनिटं, कुणी तीन, कुणी चार असा उशीर ठेवला तर भांडण नाही आणि डीपीही वाचतो. ज्याच्याकडं पीएलसी नाही त्याला हेच काम साध्या टायमरनं करता येतं.

दुसरा धोका माणसाचा. लाईट नाही म्हणून कुणी विहिरीत उतरून फुटव्हॉल्व्ह साफ करतंय, कुणी कडबा कुट्टीत अडकलेलं वैरण काढतंय, आणि तेवढ्यात लाईट येते. साध्या स्टार्टरवर काही होत नाही. आपोआप सुरू होणाऱ्या मोटरीवर हात जातो, जीव जातो. म्हणून तीन गोष्टी पाळायच्याच. पेटीवर ‘हाताने / बंद / आपोआप’ असा तीन जागांचा स्विच हवा. पेटीवर मोठ्या अक्षरांत ‘ही मोटर आपोआप सुरू होते’ असं लिहिलेलं हवं. आणि दुरुस्तीआधी मेन स्विच पाडून किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. कुट्टी, गिरणी, मळणी अशा माणसाचा हात जवळ जाणाऱ्या यंत्राला आपोआप सुरू होण्याची सोय कधीच द्यायची नाही.

ठिबकवर पीएलसी शोभतो

पीएलसीचा घरगुती वापरातला सगळ्यात चांगला उपयोग ठिबकच्या व्हॉल्व्हवर होतो. चार प्लॉट, चार व्हॉल्व्ह, प्रत्येकी एक तास. इथं तीन बारकावे आहेत.

पहिला, क्रम. आधी व्हॉल्व्ह उघडायचा, मग मोटर सुरू करायची. प्लॉट बदलताना आधी पुढचा उघडायचा, तो पुरता उघडला की मागचा बंद करायचा. उलट केलं तर काही सेकंद पाण्याला वाटच राहत नाही आणि पाईपलाईनचा सांधा निखळतो. थांबवताना आधी मोटर बंद, मग व्हॉल्व्ह.

दुसरा, आठवण. पहिल्या प्लॉटचं पाणी ४० मिनिटं झालं आणि लाईट गेली. साधा टायमर पुन्हा शून्यापासून मोजतो. मग पहिल्या प्लॉटला जादा पाणी आणि चौथ्याला थेंब नाही, असं होतं. पीएलसीत लाईट गेली तरी आकडा टिकवून ठेवणारी जागा असते. टायमर तिथं ठेवला तर लाईट आल्यावर उरलेली २० मिनिटंच दिली जातात. रात्रीच्या येण्या-जाण्याच्या लाईटवर याच एका गोष्टीसाठी पीएलसीचे पैसे वसूल होतात.

तिसरा, वीज. ठिबकच्या अनेक इलेक्ट्रिक व्हॉल्व्हवर २४ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण ते एसी असतं. पीएलसीचे २४ व्होल्ट डीसी. आकडा एकच, वीज वेगळी. एसीची कॉइल डीसीवर लावली तर तापून जळते. व्हॉल्व्हसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा आणि मधे रिले ठेवायचा.

पत्र्याची पेटी, मे महिना आणि पाल

बहुतेक छोट्या पीएलसींना भोवतीचं तापमान ५५ अंशांपर्यंत चालतं. कंपनीत ते कधी गाठलंच जात नाही. पण मे महिन्यात बाहेर ४३-४४ असताना उन्हातल्या बंद पत्र्याच्या पेटीत ते सहज ओलांडलं जातं. पेटी उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, वर दुसरा पत्रा अधांतरी ठेवून बसवायची. वायरीची भोकं ग्लँड लावून बंद करायची. मुंग्या आणि पाली कॉन्टॅक्टरमध्ये शिरून संपर्क अडवतात, हे कुठलाही वायरमन सांगेल.

फ्लोटची २४ व्होल्टची वायर आणि मोटरीची केबल एकाच पाईपातून ओढू नका. मोटरीच्या केबलमुळं शेजारच्या वायरीत वीज उमटते आणि टाकी रिकामी असताना भरल्याचा, भरली असताना रिकामी असल्याचा खोटा इशारा मिळू शकतो. अर्थिंग चांगलं हवं. वळवाच्या पावसात विजा चमकतात तेव्हा झटका सोसणारं सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय काहीच करत नाही.

फ्लोटचं आणखी एक. गावात आजही टाकीतल्या फ्लोटला थेट २३० व्होल्ट दिलेले दिसतात. वायरीची रबर चिरली की टाकीच्या पाण्यातच वीज. पीएलसी लावून फ्लोट २४ व्होल्टवर आणला तरी घर सुरक्षित होतं. बाकी काही केलं नाही आणि एवढंच केलं तरी मोठं काम झालं.

मोबाईलवरून चालू करायचं असेल तर

मोबाईलवरून मोटर बघणं चांगलं, पण पीएलसी थेट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. पीएलसी आपसांत बोलतात ती मॉडबस ही पद्धत १९७९ची आहे. तिच्यात पासवर्ड नावाचा प्रकारच नाही. जो तिथपर्यंत पोचला त्याला मोटर चालू-बंद करता येते. ‘चालू आहे, बंद आहे, पाणी संपलं’ एवढी खबर मोबाईलवर येऊ द्या. चालू करायची परवानगी द्यायचीच असेल तर शेवटचा शब्द विहिरीवरच्या ‘हाताने / बंद / आपोआप’ स्विचचाच राहिला पाहिजे. तो बंदवर असेल तर जगातल्या कुठल्याही मोबाईलनं मोटर सुरू होता कामा नये.

कुणी काय करायचं

प्रोग्रॅम लिहिणं, २४ व्होल्टची जोडणी, टेबलावरचे प्रयोग हे आयटीआयच्या पोरांनी, बारावी झालेल्या मुला-मुलींनी जरूर करावं. हेच शिकून उद्या कंपनीत नोकरी मिळते, किंवा गावातच पॅनेल दुरुस्तीचा धंदा उभा राहतो. पण २३० आणि ४१५ व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यायची. डीपी आणि खांब तर महावितरणचाच. फ्यूज टाकायला डीपीवर चढून गेलेल्या किती घरांनी माणसं गमावली, हे प्रत्येक गावाला माहीत आहे.

काम झाल्यावर प्रोग्रॅमची एक प्रत आणि जोडणीचं हातानं काढलेलं चित्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या दाराला आतून चिकटवा. पोरगा पुन्हा चाकणला गेल्यावर रात्री मोटर अडली, तर आप्पांना आणि गावच्या वायरमनला तेच कामाला येणार आहे. आणि पेटी लावून झाल्यावर घरातल्या सगळ्यांना, अगदी म्हातारीलासुद्धा, एकदा पेटीपाशी नेऊन दाखवा की हे सगळं हातानं बंद कुठून करायचं.